आयरिश मूळपुरुषाच्या जन्मगांवाचा शोध

अमेरिकेंत आज तीन कोटींहून अधिक लोक आपण आयरिश वंशाचे आहोंत असें सांगतात. प्रत्यक्ष आयर्लंडच्या बेटावर मात्र सत्तर लाखांच्या घरांतच वस्ती आहे. अमेरिकेंतील, कॅनडांतील आणि ऑस्ट्रेलियांतील ह्या आयरिश कुटुंबांत एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो. आमच्या घराण्यांतील जो पहिला पुरुष किंवा जी पहिली स्त्री गलबतांतून उतरली, ती मूळची कोठली? तिचा जन्म केव्हां झाला आणि आईबाप कोण? प्रश्न साधा दिसतो. परंतु जुने कागद काढून पाहूं लागलें कीं जन्मस्थळाच्या रकान्यांत बहुधा एकच शब्द आढळतो, तो म्हणजे "आयर्लंड". आपल्याकडे कोणास "तुमचें मूळ गांव कोणतें?" असें विचारलें आणि त्यानें "हिंदुस्थान" असें उत्तर दिलें, तर विचारणाराची जी स्थिति होईल तीच ह्या वंशजांची होते.

श्रोतेहो, मीं शाळेंत पुष्कळ वर्षें इतिहास शिकविला आणि राजेरजवाड्यांच्या वंशावळी मुलांकडून घोकून घेतल्या. ज्याच्या नांवावर एक एकरहि जमीन नव्हती, ज्याला स्वतःची सहीहि करतां येत नव्हती, अशा माणसाची वंशावळ जुळविणें हें त्याहून कितीतरी अवघड काम आहे. आणि माझ्या मतें अधिक मनोरंजकहि आहे.

हीं माणसें देश सोडून कां गेलीं हें थोडक्यांत सांगतों. १८४१ च्या खानेसुमारींत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार होती. १८४५ सालीं बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरीब आयरिश कुटुंबाचें सारें पोट बटाट्यावर अवलंबून असे. त्यामुळें पुढील सहासात वर्षांत सुमारें दहा लाख माणसें उपासमारीनें व तापानें मेलीं आणि दहा लाखांहून अधिक देशोधडीला लागलीं. १८५१ सालीं लोकसंख्या ६५ लाख ५२ हजारांवर आली होती. अशा घाईंत जीं माणसें निघालीं, त्यांनीं बरोबर कागदपत्रें काय नेलीं असतील?

बरें, मागें राहिलेल्या कागदांचें काय झालें? ती कथा ऐकून इतिहासाच्या कोणाहि अभ्यासकास हळहळ वाटेल. डब्लिन शहरांत लिफी नदीच्या कांठीं 'फोर कोर्ट्स' नांवाची न्यायालयाची भव्य इमारत आहे. तिच्या आवारांतच देशाचें सरकारी दप्तरखानें होतें. १९२२ सालीं आयरिश लोकांत आपसांत यादवी सुरू झाली. तहाच्या विरोधकांनीं ही इमारत बळकावली होती. २८ जूनपासून सरकारी सैन्यानें तिच्यावर तोफा डागल्या आणि ३० जून रोजीं प्रचंड स्फोट होऊन दप्तरखानें पेटलें. सातशें वर्षांचे कागद एका दिवसांत जळाले. जळक्या कागदांचे कपटे वाऱ्याबरोबर सर्व शहरावर पडत होते.

त्या आगींत १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ ह्या चार खानेसुमाऱ्यांचे मूळ तक्ते, कांहीं थोडे तुकडे सोडून, नाहींसे झाले. मृत्युपत्रें गेलीं. प्रॉटेस्टंट पंथाच्या 'चर्च ऑफ आयर्लंड'च्या ज्या नोंदवह्या तेथें जमा केलेल्या होत्या त्याहि गेल्या. त्या चर्चच्या एकंदर जुन्या वह्यांपैकीं निम्म्याहून अधिक अशा रीतीनें नष्ट झाल्या. पण सारा दोष आगीलाच देणें न्यायाचें होणार नाहीं. १८६१ व १८७१ च्या खानेसुमाऱ्यांचे तक्ते आगीच्या कितीतरी आधीं सरकारी हुकुमानेंच नष्ट करण्यांत आले होते, आणि १८८१ व १८९१ चे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या काळांत लगदा करण्यासाठीं धाडले गेले. शत्रूनें जाळलें तें समजूं शकतें. कारकुनानें रद्दींत घातलें त्याला काय म्हणावें? संपूर्ण अशा जुन्या खानेसुमाऱ्या म्हणून १९०१ आणि १९११ ह्या दोनच उरल्या. त्या आतां घरबसल्या संगणकावर फुकट पाहतां येतात.

मग सर्वच आशा संपली काय? तसें नाहीं. रोमन कॅथोलिक पॅरिशांच्या बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या वह्या डब्लिनच्या दप्तरखान्यांत कधींच गेल्या नव्हत्या. जुन्या राजवटींत कॅथोलिकांवर जाचक कायदे होते. सरकारानें त्यांच्या वह्यांना मान दिला नाहीं, म्हणून त्या गांवोगांवच्या पाद्र्यांच्या कपाटांतच राहिल्या आणि त्यामुळेंच वांचल्या! विसाव्या शतकाच्या मध्यास आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें त्यांच्या सूक्ष्म फिल्मा घेतल्या आणि २०१५ सालीं त्या सर्वांना पाहण्यास खुल्या केल्या. मात्र प्रत्येक पॅरिशची वही वेगळ्या सालीं सुरू होते. शहरांत ती अठराव्या शतकापासून मिळेल, तर पश्चिमेकडील दरिद्री भागांत १८३० किंवा १८४० नंतरच. सरकारी जन्मनोंद तर १ जानेवारी १८६४ पासूनची. तेव्हां १८२५ सालीं पश्चिम किनाऱ्यावर जन्मलेल्या शेतमजुराच्या मुलाची जन्माची नोंद कोठेंच नसणें हें अगदीं संभवनीय आहे.

ह्या वह्या एका जागीं पाहतां आल्या तरी पॅरिश कोणती हें ठाऊक नसेल तर त्यांचा उपयोग थोडा. मायकेल सलिव्हन किंवा मेरी मर्फी ह्या नांवाचीं माणसें कॉर्क परगण्यांत शेकड्यांनीं सांपडतील. म्हणून जाणते संशोधक शोधाची सुरुवात आयर्लंडमध्यें करीतच नाहींत, तर ज्या देशांत तो माणूस मेला त्या देशांत करतात. त्याचा मृत्युदाखला, लग्नाची नोंद, थडग्यावरील लेख, नागरिकत्वाचा अर्ज हें सर्व आधीं तपासावयाचें. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया व न्यू साउथ वेल्स ह्या प्रांतांचे मृत्युदाखले ह्या कामीं फार उपयोगी आहेत, कारण त्यांत मयताच्या आईबापांचीं नांवें, जन्मस्थळ आणि वसाहतींत राहिल्याचीं वर्षें विचारलेलीं असत. अमेरिकेंतील नागरिकत्वाचे कागद १९०६ च्या कायद्यानंतर जन्मगांव व जन्मतारीख सांगतात; त्यापूर्वींचे बहुधा "इंग्लंडच्या राणीची निष्ठा सोडली" एवढें सांगून मोकळे होतात.

न्यूयॉर्कमध्यें १८५० सालीं आयरिश लोकांच्या ठेवींसाठीं 'एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँक' निघाली. पुष्कळ ठेवीदार निरक्षर होते. उद्यां दुसराच कोणी येऊन "मीच तो" म्हणाला तर? म्हणून बँकेचे कारकून खातें उघडतांना त्यांची खाजगी माहिती विचारून वहींत टिपून ठेवीत: जन्म कोठें, कोणत्या गलबतानें कधीं आलांत, आईबाप हयात आहेत काय, भावंडें कोठें असतात. पुढें पैसे काढावयास आल्यावर तेच प्रश्न पुन्हां विचारावयाचे! चोरांपासून पैसे राखण्यासाठीं लिहिलेली ही माहिती आज त्या ठेवीदारांच्या पणतवंडांस जन्मगांव सांगते. ह्या वह्या न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयांत आहेत.

बोस्टनच्या 'पायलट' ह्या पत्रांत १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या आप्तांसाठीं जाहिराती येत. अमुक परगण्याच्या अमुक पॅरिशमधील माझा भाऊ अमुक सालीं ह्या बंदरीं उतरला, शेवटचें पत्र अमक्या कालव्याच्या कामावरून आलें, त्याचा ठावठिकाणा कोणास असल्यास कळवावें, अशा धर्तीचा मजकूर असे. अशा जाहिराती चाळीस हजारांच्या घरांत आहेत. वंशावळीच्या शोधापुरतें पाहिलें तर त्या उपयुक्त साधन आहेत. पण त्या एकामागून एक वाचूं लागलें कीं साधन वगैरे शब्द विसरायला होतात.

आतां गांवाचें नांव हातीं लागलें असें धरूं. आयर्लंडमध्यें जमिनीचा सर्वांत लहान विभाग म्हणजे 'टाउनलँड'. नांवांत टाउन असलें तरी शहराशीं त्याचा संबंध नाहीं. आपल्याकडील वाडी म्हणा. असे टाउनलँड साठ हजारांहून अधिक आहेत. त्यांचीं नांवें मूळ आयरिश भाषेंतील. १८२४ नंतर सरकारी मोजणी झाली त्या वेळीं तीं इंग्रजी वळणानें लिहिलीं गेलीं. 'बॅली'नें सुरू होणारीं नांवें 'बाले' म्हणजे वस्ती ह्या शब्दापासून आणि 'किल'नें सुरू होणारीं पुष्कळशीं 'किल्ल' म्हणजे चर्च ह्या शब्दापासून आलीं आहेत. आपल्याकडील किल्ल्याशीं त्याचें नातें जोडण्याचा मोह आवरावा. एकच नांव दहापंधरा ठिकाणीं आढळतें. त्यांतून अमेरिकेंतील कारकुनानें तें निरक्षर म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकून आपल्या समजुतीप्रमाणें लिहिलेलें! अशा वेळीं तें मोठ्यानें उच्चारून पाहावें आणि १८६१ सालीं छापलेल्या टाउनलँडांच्या अकारविल्हे सूचींत त्या ध्वनीजवळचीं नांवें शोधावीं, हाच उपाय.

माणसांच्या नांवांचीहि तीच गत. 'ओ' आणि 'मॅक' हे उपसर्ग कधीं गळतात, कधीं परत येतात. एकाच बापाचे दोन मुलगे ब्रायन आणि ओब्रायन अशीं आडनांवें लावतांना दिसतात. चर्चच्या वहींत नांवें लॅटिनमध्यें, म्हणजे पॅट्रिकचा पॅट्रिशियस आणि जेम्सचा जाकोबुस. घरीं आयरिशमध्यें ज्याला डिअरमिड म्हणत तो इंग्रजी कागदांत जेरेमाया होतो. ह्या दोन नांवांचा एकमेकांशीं कांहींएक संबंध नाहीं, पण रूढि पडली. एक रूढि मात्र संशोधकाच्या सोयीची आहे, आणि ती आपल्या श्रोत्यांस परकी वाटणार नाहीं. पुष्कळ कुटुंबांत थोरल्या मुलास बापाच्या बापाचें नांव ठेवीत, दुसऱ्यास आईच्या बापाचें. थोरल्या मुलीस आईच्या आईचें. नातवाच्या नांवानें आजोबा पुन्हां घरांत वावरतात ही भावना तिकडेहि आहेच. अमेरिकेंतील मुलांचीं नांवें क्रमानें मांडलीं तर आयर्लंडांतील आजीआजोबांच्या नांवांचा अंदाज बांधतां येतो. अंदाजच, पुरावा नव्हे. बाप्तिस्म्याच्या वहींत आईचें माहेरचें आडनांव आणि धर्ममातापित्यांचीं नांवें असतात, त्यांच्याशीं तो ताडून पाहावा लागतो.

वय आणि जन्मतारीख ह्यांवर तर फारच जपून विश्वास ठेवावा. वाढदिवस पाळण्याची चाल गरिबांत नव्हती. सरकारी जन्मनोंद सुरू झाल्यावर ती ठराविक मुदतींत केली नाहीं तर दंड होई; म्हणून उशीर झालेला बाप खुशाल अलीकडची तारीख सांगे. त्यामुळें मुलाचा बाप्तिस्मा आधीं आणि जन्म मागाहून, असा चमत्कार दोन वह्या शेजारीं ठेवल्या कीं दिसतो! ह्यांत खरी बहुधा पाद्र्याची वही. दुसरा चमत्कार १९०८ च्या कायद्याचा. १ जानेवारी १९०९ पासून सत्तर वर्षांवरील गरिबांस सरकारी पेन्शन मिळूं लागलें, आणि १९०१ सालीं जी बाई पंचावन्न वर्षांची होती ती १९११ सालीं एकदम सत्तरीची झाली. असें एकदोनदां नव्हे, गांवोगांव झालें. ह्याला लबाडी म्हणावें तर खरें वय त्या बिचारीला तरी कोठें ठाऊक होतें?

पण त्याच पेन्शनमुळें एक मोठा लाभ झाला. सत्तरी गांठलेल्यांपाशीं जन्मदाखला असणें शक्य नव्हतें. वय ठरविण्यासाठीं डब्लिनच्या दप्तरखान्यांतील कारकून १८४१ आणि १८५१ च्या खानेसुमारींत त्या अर्जदाराचें बालपणचें घर शोधीत आणि आईबापभावंडांचीं नांवें व वयें एका छापील तक्त्यावर उतरून काढीत. पुढें मूळ खानेसुमारी जळाली, हे तक्ते मात्र राहिले. हजारों कुटुंबें अशीं त्या आगींतून निसटलीं. अशाच इतर नकला, उतारे आणि टिपणें जगभरच्या ग्रंथालयांतून जमवून जळालेलें दप्तरखानें संगणकावर पुन्हां उभारण्याचा उद्योग डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत चालू असून, आगीला शंभर वर्षें झालीं त्या वेळीं, २०२२ च्या जूनमध्यें, तो लोकांस खुला करण्यांत आला.

जेथें खानेसुमारी नाहीं तेथें जमिनीच्या करवसुलीचे कागद तिची जागा घेतात. १८४७ ते १८६४ ह्या काळांत रिचर्ड ग्रिफिथ ह्याच्या देखरेखीखालीं सर्व देशांतील जमिनींची व घरांची आकारणी झाली. तींत प्रत्येक टाउनलँडमधील कूळ, मालक, क्षेत्र आणि आकार लिहिलेला आहे. बायकामुलांचीं नांवें तींत मिळत नाहींत; परंतु एखादें आडनांव कोणत्या पॅरिशमध्यें दाट आहे हें तींतून नेमकें कळतें. पुढें ह्या वह्यांत दुरुस्त्या होत गेल्या. जुनें नांव खोडून त्यावर निराळ्या रंगाच्या शाईनें नवें नांव लिहीत. बापाच्या जागीं मुलगा केव्हां आला, कीं घरच ओसाड पडलें, हें त्या शाईवरून उलगडतें.

इतकें करूनहि चुकीचा पूर्वज गळ्यांत पडण्याचा धोका असतोच. त्याचें प्रसिद्ध उदाहरण अ‍ॅनी मूर हिचें. १ जानेवारी १८९२ रोजीं न्यूयॉर्क बंदरांत एलिस बेटावरील नवें ठाणें उघडलें, आणि तेथें नोंद झालेली पहिली प्रवासी म्हणजे कॉर्कची ही मुलगी. दोन धाकट्या भावांना घेऊन ती 'नेवाडा' नांवाच्या आगबोटीनें आली होती. आईबाप आधींच न्यूयॉर्कमध्यें होते. अधिकाऱ्यांनीं तिला दहा डॉलरचें सोन्याचें नाणें भेट दिलें. बोटीच्या यादींत तिचें वय तेरा, वर्तमानपत्रांत पंधरा. खरें पाहतां तिचा जन्म १८७४ चा, म्हणजे ती सतरा वर्षांची होती!

पुढें ती दिसेनाशी झाली. विसाव्या शतकांत टेक्सस प्रांतांतील एका कुटुंबानें आपली आजी तीच होती असें सांगितलें. ती आजी १९२३ सालीं ट्रामखालीं सांपडून वारली होती. कथा करुणरम्य, नांव तेंच. लोकांना ती पटली. पुस्तकांत आली, पुतळे उभारले गेले, समारंभांना त्या कुटुंबास मानानें बोलावण्यांत आलें. मेगन स्मोलेन्याक ह्या संशोधक बाईंनीं टेक्ससच्या अ‍ॅनीचे कागद पाहिले तेव्हां तिचा जन्म अमेरिकेंतच, इलिनॉय प्रांतांत, झालेला निघाला. मग खरी अ‍ॅनी कोठें? २००६ सालीं बाईंनीं एक हजार डॉलरचें बक्षीस लावलें, आणि कांहीं आठवड्यांतच छडा लागला. त्यांत न्यूयॉर्क शहराच्या दप्तरखात्याच्या प्रमुखांचें साह्य झालें. किल्ली मिळाली ती अ‍ॅनीच्या कागदांत नव्हे, तर तिच्या बरोबर आलेल्या धाकट्या भावाच्या, फिलिपच्या, नागरिकत्वाच्या दाखल्यांत. लग्नानें बहिणीचें आडनांव बदलतें, भावाचें बदलत नाहीं. म्हणून हरवलेल्या बाईचा माग तिच्या भावांवरून काढावा असें जाणते सांगतात.

खरी अ‍ॅनी कोठेंहि गेली नव्हती. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाकडील दाट वस्तींत, बोटींतून उतरली त्याच्या आसपासच, तिनें सारें आयुष्य काढलें. जर्मन घराण्यांतील एका तरुणाशीं तिचें लग्न झालें. मुलें पुष्कळ झालीं, त्यांतलीं कित्येक लहानपणींच गेलीं. १९२४ सालीं पन्नाशीच्या सुमारास ती वारली. कॅल्व्हरी दफनभूमींत तिच्या जागेवर साधा दगडहि नव्हता; तो २००८ सालीं बसविला गेला. दुसरीच्या नांवें गौरव होत असतां ही इकडे अज्ञात पडून होती. चुकीच्या वंशावळीनें कोणाचें काय नुकसान होतें असें विचारणारांस हें एक उत्तर देतां येईल.

उलट, विलक्षण नांव असलें तर काम किती सोपें होतें, हें राष्ट्राध्यक्ष ओबामा ह्यांच्या मातृकुलावरून दिसतें. त्यांचे एक पूर्वज फॅल्मथ कर्नी १८५० सालीं न्यूयॉर्कला आले. फॅल्मथ हें नांव आयर्लंडमध्यें दुर्मिळ. ऑफाली परगण्यांतील मनीगॉल ह्या खेड्यांत चांभारकाम करणाऱ्या त्या कुटुंबाच्या नोंदी तेथील चर्च ऑफ आयर्लंडच्या धर्मगुरूंना स्थानिक वह्यांत सांपडल्या. त्या डब्लिनला गेल्या असत्या तर जळाल्या असत्या. २०११ च्या मे महिन्यांत ओबामा स्वतः त्या खेड्यास जाऊन आले.

ह्या शोधाला केवळ भावनेचें मोल आहे असेंहि नाहीं. ज्याचा आजा किंवा आजी आयर्लंडच्या बेटावर जन्मली, त्याला परदेशी जन्मलेल्यांच्या नोंदवहींत नांव घालून आयरिश नागरिक होतां येतें. पणजोबांवरून तसें सहसा जमत नाहीं. एका पिढीचा फरक, पण पारपत्र मिळणें न मिळणें त्यावर ठरतें. आणि तें सिद्ध करण्यास दंतकथा चालत नाहीं, दाखलाच लागतो.

अलीकडे लाळेच्या तपासणीवरून रक्ताचें नातें ठरवितात. ती पद्धत खरी आहे, परंतु ती गांवाचें नांव सांगत नाहीं. अमका इसम तुमचा दूरचा चुलतभाऊ आहे एवढेंच सांगते. त्याच्या घरीं जुनीं पत्रें असलीं तर पुढचा मार्ग दिसतो. पांचव्या पिढीपलीकडच्या चुलतभावांत तर कित्येकदां ताडण्यासारखा समान अंश उरतच नाहीं.

शेवटीं आपल्या मुंबईचा संबंध. सर्वच आयरिश माणसें पश्चिमेस गेलीं नाहींत. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या फौजेंत आयरिश शिपायांचा भरणा मोठा होता. मुंबईची जुनी युरोपियन पलटण १८६२ सालीं राणीच्या सैन्यांत १०३ वी पलटण झाली, आणि १८८१ सालीं तिलाच 'रॉयल डब्लिन फ्युजिलियर्स'ची दुसरी बटालियन हें नांव मिळालें. मुंबई इलाख्यांतील युरोपियनांच्या बाप्तिस्मे, लग्नें व दफनें ह्यांच्या नकला विलायतेस पाठवीत; त्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत, मात्र रोमन कॅथोलिकांच्या नोंदी त्या मानानें कमी. पुणें, कुलाबा, अहमदनगर येथील छावण्यांत जन्मलेल्या मुलाच्या बापाचें नांव आणि पलटण ह्या वह्यांत मिळते. पलटण कळली कीं शिपायाचा भरतीचा कागद शोधतां येतो. त्या छापील कागदांत भरती होणारास तो कोणत्या पॅरिशमध्यें, कोणत्या शहरानजीक आणि कोणत्या परगण्यांत जन्मला हें सांगावेंच लागे. अमेरिकेस गेलेल्या भावाच्या कागदांत "आयर्लंड" ह्या एका शब्दावर भागविलेलें असतें. इकडे आलेल्या भावाच्या कागदांत पॅरिशचें नांव लिहिलेलें मिळतें.